अवधानींच्या घरची घंटा

मी घंटा बोलतेय. वाजत नाही, नुसती बोलतेय. गेल्या कार्तिकापासून माझ्या लोलकाला चिंधी गुंडाळलेली आहे, आणि जीभ बांधलेल्या घंटेला बोलण्यापलीकडे दुसरं काय उरतं? ऐकायला कोणी आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. देवघरात ऐकणाऱ्यांपेक्षा मागणारेच जास्त येतात.

माझा जन्म विजयनगरमच्या बाजूला एका ओताऱ्याच्या अंगणात झाला. आधी मी मेणाची होते. मग मला मातीत लिंपलं, भट्टीत मेण वितळून गेलं आणि त्याच्या जागी तांबं-कथील ओतलं. ओताऱ्याच्या हातून कथील जरा जास्त पडलं. त्याची बायको म्हणाली, "ही फार टोचून बोलणार." तो म्हणाला, "बोलू दे की! घंटाच आहे, सून थोडीच आहे?" तेव्हापासून माझा आवाज असा आहे. मंजुळ वगैरे मला कोणी म्हणालं नाही, पण मी वाजले आणि ऐकू आलं नाही, असंही कोणी कधी म्हणालं नाही.

एका शिवालयाच्या पुजाऱ्याने मला विकत घेतलं आणि मुलीच्या लग्नात तिच्या भांड्यांबरोबर दिलं. मुलीचं नाव हैमवती. म्हणजे मी या घरात आले ती तिच्या माहेरची म्हणून. घर आंध्रातल्या कोनसीमेतलं, अमलापुरमजवळच्या एका गावातलं. मागे नारळ, पुढे गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला गोदावरीचा कालवा. नवरा सांबमूर्ती, हायस्कुलात तेलुगू शिकवायचे. पण शाळेतले मास्तर म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं. सगळे त्यांना अवधानी म्हणायचे, आदराने अवधानीगारू.

अवधान म्हणजे काय, ते मी सांगते, कारण त्यात माझा हात आहे. एक माणूस मंचावर मधोमध बसतो आणि आठ जण त्याला घेरतात. एक जण वेडीवाकडी ओळ देतो, तिचं पद्य पुरं करा म्हणतो. दुसरा कात्री, साबण, छत्री असले शब्द देतो आणि ते घालून द्रौपदीचं स्वयंवर वर्णन करायला लावतो. तिसरा प्रत्येक अक्षराला आडवा येतो, हे अक्षर चालणार नाही, ते चालणार नाही. चौथा मध्येच विचारतो, "अवधानीगारू, आज घरी भांडण झालं का?" त्यालाही हसत उत्तर द्यायचं. प्रत्येकाला एकेक ओळ द्यायची, पुढच्याकडे वळायचं, आणि शेवटी सगळी पद्यं ओळीने, पहिल्यापासून, तोंडपाठ म्हणून दाखवायची. कागद नाही, पेन नाही.

हे सगळं चालू असताना आठांपैकी एक जण मधूनच घंटा वाजवतो. त्याच्या मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तितके ठोके. अवधानींनी ते मनात मोजायचे, पण घंटेमुळे हातातलं काम सोडायचं नाही. मान वळवायची नाही, ओळ तुटू द्यायची नाही. मनाच्या एका कोपऱ्यात आकडा पुढे सरकवायचा आणि आपलं काम करत राहायचं. किती ठोके झाले, ते शेवटी सांगायचं. मध्ये विचारलं तरी सांगायचं नाही. हा नियम. वाचकहो, हा नियम तेवढा लक्षात ठेवा.

सांबमूर्ती जिथे अवधान करायचे तिथे मी त्यांच्या पिशवीत असायचे. वाजवणारा तिथलाच कोणी, घंटा मात्र मी. राजमहेंद्री, काकिनाडा, तेनाली, कुठल्या कुठल्या सभा. मान त्यांना मिळायचा, शाल त्यांच्या खांद्यावर पडायची. माझ्यावर कोणी शाल घातली नाही. मी तक्रार करत नाही, सांगून ठेवते.

खरी गंमत मात्र सभेत नव्हती, घरात होती. हैमवती मंचावर कधी बसली नाही. त्या काळी बायकांना कोण बसवणार? पण सांबमूर्तींचा सराव तिच्या हातात होता. ते ओट्यावर बसून पोथी वाचायचे, मुलांना शिकवायचे, आल्यागेल्याशी वाद घालायचे, आणि ती स्वयंपाकघरातून वाटेल तेव्हा मला वाजवायची. आमटी उकळताना एकदा, विळीवर बसताना दोनदा, नवऱ्यावर रागावली असली की सात-आठदा. मोजायला तिच्याकडे चिंचोके होते. ठोका झाला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत.

दुपारी पान वाढलं की ती समोर उभी राहायची. हातात तुपाची वाटी. "किती?"

"पहिला घास तर घेऊ दे."

"आधी आकडा. चुकलात तर तूप नाही."

आकडा बरोबर आला की गरम भात-वरणावर तूप पडायचं आणि ती म्हणायची, "बरोबर!" चुकला की वाटी परत फळीवर. मग अवधानी लोणच्याशी सुका भात कालवत, "उद्या बघ," असं पुटपुटायचे. एकदा सलग चार दिवस चुकले, तर तिने चारही दिवस तूप दिलं नाही. पाहुण्यांदेखत. पाहुणे म्हणाले, "अहो अम्मा, एवढा मोठा माणूस, वाढा की थोडं!" ती म्हणाली, "मोठा माणूस मंचावर. इथे चुकलेला माणूस आहे." अवधानी मोठ्याने हसले. मला वाटतं, या बाईने आयुष्यभर त्यांना जे काही दिलं, त्यात ते न दिलेलं तूप सगळ्यात मोलाचं होतं.

शाळेतून निवृत्त झाले, तरी सराव सुटला नाही. उलट वाढला. वाचनालयात त्यांच्याबरोबरीची म्हातारी माणसं जमायची. कोणाला किल्ली सापडत नसे, कोणाला सुनेचं नाव आठवत नसे. सांबमूर्ती त्यांना झापायचे. "साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. मन म्हणजे कांसं. घासलं तर लखलखतं, ठेवून दिलं तर हिरवं पडतं. रोज एक श्लोक पाठ करा. उलटी उजळणी करा. शब्दकोडं सोडवा. काहीच जमत नसेल तर बायकोशी वाद घाला, पण डोकं बसवून ठेवू नका." लोक मान डोलवायचे. काहींनी खरंच श्लोक पाठ करायला घेतले.

बायकोच्या डोक्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही. तेही नाही. ती रोज ठोके मोजत होती, चिंचोके हलवत होती, वाणसामान तोंडी ठेवत होती, पंचांग सांगत होती. पण हा व्यायाम आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. तो तिचा स्वयंपाक होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहिल्यांदा मला कळलं ते एका चिंचोक्यामुळे. जेवताना सांबमूर्तींच्या दाताखाली काहीतरी कडक आलं. त्यांनी तोंडातून काढलं, बघितलं, हसले. "आज चिंचेच्या साराला चिंचोके पण?"

हैमवती हसली नाही. तिने फळीकडे पाहिलं. दोन्ही वाट्या रिकाम्या होत्या. तिने सगळे चिंचोके सारात टाकले होते, आणि कधी टाकले ते तिला आठवत नव्हतं.

"किती झाले?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच.

"नऊ," ते म्हणाले. मी सहाच वेळा वाजले होते.

तिने रिकाम्या वाट्या फळीवर मागे सारल्या. मग म्हणाली, "बरोबर," आणि तूप वाढलं.

त्या दिवसापासून त्या घरात तूप कधी चुकलं नाही. ते बारा म्हणोत की तीन, ती "बरोबर" म्हणायची. आधी मला वाटलं, आज विसरली असेल. मग दिसलं की ती मला वाजवते, मला हातात धरून उभी राहते, आणि आपण का उभ्या आहोत ते आठवत राहते. कधी पुन्हा वाजवते. कधी तशीच ठेवते. पण नवऱ्याला सांगत नव्हती, लेकीला सांगत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा भाजी निवडताना स्वतःशीच पुटपुटली, "अवधानींच्या बायकोलाच विसर पडतो म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील."

आणि ते? त्यांचंही कांसं हिरवं पडायला लागलं होतं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी पडणारच. पूर्वी ते चुकायचे तेव्हा त्यांना कळायचं, कारण भात कोरडा यायचा. मग दुसऱ्या दिवशी ते पेटून उठायचे. आता रोज तूप येत होतं. ते खूश होते. गालावर तेज आलं होतं. वाचनालयात सांगायचे, "वर्षभरात एकदाही चुकलो नाही. विचारा घरी." मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण घंटा कोणी वाजवली तरच बोलते, आणि तेव्हाही तिला एकच शब्द येतो.

तशात वाचनालयाचे अध्यक्ष अच्युतरामय्या घरी आले. "अवधानीगारू, उगादीला आपल्या सभागृहात अष्टावधान करायचं. सहा वर्षं झाली तुम्ही मंचावर बसून. लोकांना दाखवा, या वयात काय होऊ शकतं ते."

लेक कल्याणी तेव्हा घरीच होती. ती शाळेत शिक्षिका, लग्नानंतर काही वर्षांनी एकटी परत आली ती आईवडिलांजवळच राहिली. ती वडिलांना म्हणाली, "नान्ना, नको. तीन तास बसणं काय सोपं आहे? त्यातून काही चुकलं तर..."

"चुकेल कसं?" सांबमूर्ती खवळले. "तुझ्या अम्मालाच विचार. वर्षभरात एकदा तरी चुकलोय?"

कल्याणीने आईकडे बघितलं. मीही बघितलं. एका शब्दाचा प्रश्न होता. हैमवतीने पदर सावरला आणि म्हणाली, "नाही बाई. रोज बरोबर."

"ऐकलंस?" ते म्हणाले. अच्युतरामय्यांनी सुपारी दिली.

उगादी म्हणजे तुमचा पाडवा. त्या दिवशी सभागृह भरलं होतं. पंखे फिरत होते, पुढच्या रांगेत हैमवती जरीकाठाची साडी नेसून बसली होती, शेजारी कल्याणी. मला वाजवायला कोटेश्वरराव होते, बँकेतून निवृत्त झालेले, गमत्ये गृहस्थ. मला हातात घेऊन म्हणाले, "ही तर अवधानीगारूंच्या घरचीच! म्हणजे ही त्यांना फितूर असणार." लोक हसले.

सुरुवात छान झाली. आवाज खणखणीत होता. पहिल्या फेरीत ओळी अशा आल्या की मागच्या रांगेतल्या पोरांनीही वा वा केलं. वर्णनाला विषय दिला होता, कार्तिकात कालव्यावर सोडलेले दिवे. त्यांनी रचलं ते असं काहीसं: केळीच्या सोपटावर बसून दिवे माहेरी निघाले, काठावर बायका उभ्या, पाणी म्हणतं मी पोचवतो. पहिल्या ओळी ऐकून हैमवतीने डोळे पुसले. कार्तिकातले दिवे तिचे फार आवडीचे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिने एकही कार्तिक चुकवला नव्हता.

कोटेश्वरराव मला वाजवत राहिले. मी नेहमीसारखी टोचून बोलले. आणि मला जाणवलं की माझे ठोके त्यांच्यापर्यंत पोचतात, पण राहत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी धारणेची, म्हणजे सगळं आठवून सांगायची, वेळ आली. आधी घंटा. कोटेश्वररावांनी विचारलं, "अवधानीगारू, सांगा, किती?"

"अकरा," ते म्हणाले. जराही न अडखळता.

मी सतरा वेळा वाजले होते. कोटेश्वररावांचं हसणं मावळलं. त्यांनी हळूच म्हटलं, "पुन्हा एकदा आठवून बघता का, अवधानीगारू?"

सांबमूर्तींनी कपाळाला आठी घातली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून हैमवतीचा आवाज आला, मोठा, अगदी आनंदाचा. "बरोबर! अगदी बरोबर!"

लोक हसले. वाईट बुद्धीने नाही हसले. बायको नवऱ्याची बाजू घेते, यात हसण्यासारखंच असतं. कल्याणीने आईचा हात धरला. पण सांबमूर्ती हसले नाहीत. ते बायकोकडे बघत राहिले. मी त्यांच्यापासून हातभर लांब होते. वर्षभराचं तूप त्यांच्या डोळ्यांसमोरून जाताना मी पाहिलं.

मग पद्यं म्हणायची होती. पहिलं पुरं आलं. दुसऱ्याच्या दोन ओळी आल्या. तिसरं, कालव्यावरच्या दिव्यांचं, आलंच नाही. त्यांनी तोंड उघडलं, बोटांची पेरं चाचपली, पाणी प्यायले. "केळीच्या..." म्हणाले आणि थांबले. अच्युतरामय्या घाईघाईने शाल घेऊन पुढे आले. लोकांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, खूप वेळ वाजवल्या. माणसांना चुकलं म्हणायची लाज वाटते तेव्हा ती टाळ्या वाजवतात.

घरी आल्यावर त्यांनी शाल खुंटीला लावली आणि मला घेऊन स्वयंपाकघरात आले. हैमवती चुलीपाशी बसली होती. त्यांनी तिच्यासमोर बसून मला तीनदा वाजवलं.

"किती?"

"तुम्हीच सांगा. तुमचं काम आहे ते," ती म्हणाली. जुनी हुशारी अजून होती.

"हैमा. किती झाले?"

तिने मला हातात घेतलं. मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मला नाही माहीत हो. कधीपासूनच माहीत नाही."

"मग बरोबर का म्हणायचीस?"

ती म्हणाली, "माझं सुटलं तरी तुमचं सुटेल, असं मला कधी वाटलंच नाही."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

काकिनाड्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळ्या दिल्या, आणि हे आता मागे फिरणार नाही असं कल्याणीला बाजूला घेऊन सांगितलं. हैमवती झपाट्याने ढळत गेली. आधी वार गेले, मग शेजाऱ्यांची नावं, मग चूल. श्रावणात ती पहिल्यांदा एकटी बाहेर पडली. "दिवे सोडायला उशीर झाला" म्हणत कालव्याच्या घाटाकडे निघाली होती. दहीवालीने ओळखून हाताला धरून परत आणलं.

तेव्हा कल्याणीने मला देवघरातून काढलं आणि पुढच्या दाराला बांधलं. कुलूप लावून आईला कोंडायची तिला हिंमत होईना. दार उघडलं की मी वाजणार. "नान्ना, मी शाळेत असते. घंटा वाजली की उठायचं. कोण आलं, कोण गेलं बघायचं. एवढंच करा."

"एवढंच ना?" ते म्हणाले. "माझ्या घंटेचं मला शिकवतेस होय?"

पहिले काही दिवस ते उठायचे. दाराशी यायचे, डोकावायचे, परत जाऊन खुर्चीवर बसायचे. मग उठणं कमी झालं. आळसाने नव्हे. मला दिसत होतं काय चाललं होतं ते. उगादीची सभा त्यांच्या मनातून जात नव्हती. ते तिसरं पद्य शोधत होते. खुर्चीवर डोळे मिटून तासन् तास ओळी पुटपुटायचे. आणि आता बायको वाजवत नसली, तरी घंटा वाजत होती, आपली आपण, वाटेल तेव्हा. असा सराव त्यांना कुठे मिळणार? ते मोजायला लागले. मी वाजले की त्यांचा अंगठा पुढच्या पेरावर सरकायचा.

संध्याकाळी कल्याणी घरी आली की सांगायचे, "आज आठ."

ती उपमा ढवळत म्हणायची, "बरोबर, नान्ना."

ती दिवसभर घरात नव्हती. तिला काय ठाऊक? दमलेली असायची, त्यांचं मन राखायची. पुन्हा तेच "बरोबर". या घराला त्या शब्दाची काय बाधा होती, देव जाणे.

कार्तिक लागला. त्या दिवशी सकाळी कल्याणी शाळेत गेली तेव्हा मी वाजले. दहीवाली आली तेव्हा वाजले. शेजारीण भांडं परत द्यायला आली, दारातच ठेवून गेली, तेव्हा वाजले. सांबमूर्ती खुर्चीवर होते, डोळे मिटलेले. आणि त्या दिवशी ते पद्य आलं. इतक्या महिन्यांनी, आपणहून आलं. त्यांचा चेहरा उजळला. ते मोठ्याने म्हणायला लागले. केळीच्या सोपटावर बसून दिवे माहेरी निघाले, काठावर बायका उभ्या...

हैमवती आतल्या खोलीत पडली होती. ती उठली. दारातून नवऱ्याकडे बघून तिने पद्य ऐकलं. मग देवघरातून एक पणती घेतली, पदर खोचला आणि बाहेरच्या दाराशी आली. कडीला हात घातला, तर समोर मी. कितीतरी दिवसांनी तिने मला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, तुपाच्या वाटीचं हसू आलं.

मागे वळून तिने विचारलं, "किती?"

ते ओळीत होते. ओळ तुटू द्यायची नव्हती. डोळे न उघडता, हात वर करून ते म्हणाले, "शेवटी सांगतो. मध्ये विचारायचं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि दार उघडलं.

मी वाजले. आयुष्यात मी कधी वाजले नाही इतकी वाजले. सगळं कथील पणाला लावून वाजले. गल्लीत कुत्रं भुंकलं. त्यांनी मान वळवली नाही. साठ वर्षं हेच तर शिकले होते, घंटेसाठी काम सोडायचं नाही. त्यांचा अंगठा चौथ्या पेरावर सरकला, आणि ते पुढची ओळ म्हणत राहिले. पाणी म्हणतं मी पोचवतो.

दुपार टळल्यावर कल्याणी आली. आत पाऊल टाकताच तिने विचारलं, "नान्ना, अम्मा कुठाय?"

"पाच," ते म्हणाले. डोळे उघडले होते, चेहरा नुकतीच सभा जिंकल्यासारखा. "तुझ्यासकट पाच. आणि ऐक, ते पद्य सापडलं. आधी सांग, बरोबर?"

कल्याणीने आतली खोली बघितली, परसू बघितलं, आणि धावत सुटली. तिने उत्तर दिलं नाही. मी सांगते. बरोबर होतं. दीड वर्षात पहिल्यांदा, अगदी बरोबर होतं.

हैमवती कालव्याच्या खालच्या अंगाला, झडपेपाशी सापडली. पणती घाटाच्या शेवटच्या पायरीवर होती. पेटवलेली नव्हती. तिला तेल घ्यायचं आठवलं नव्हतं.

दिवस-कार्य झालं. माणसं आली आणि गेली. कोणी सांबमूर्तींना दोष दिला नाही. सगळे म्हणाले, वय झालं होतं, आजार होता, तुम्ही काय करणार? पुन्हा टाळ्याच. कल्याणीने मला दारावरून सोडलं, तर त्या धक्क्याने मी वाजले, आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकले. मग जुन्या साडीची चिंधी फाडून माझ्या लोलकाला घट्ट गुंडाळली आणि मला देवघरात मागच्या बाजूला ठेवलं. तिला मी दोष देत नाही. साडी हैमवतीची आहे, एवढं तिने बघितलं नसावं.

सांबमूर्ती आता पुष्कळ विसरले आहेत. अच्युतरामय्या आले तर त्यांना शाळेतला विद्यार्थी समजतात. कल्याणी गेल्या महिन्यापासून त्यांना रोज एक श्लोक म्हणायला लावते आणि समोर बसून पोथीत बघते. चुकलं तर म्हणते, "चुकलं, नान्ना, पुन्हा." म्हणताना पोथीतून मान वर करत नाही, पण म्हणते. फार उशिरा शिकली, पण शिकली. पद्यं गेली, सभा गेल्या, कालव्यावरच्या दिव्यांचं पद्य तर त्याच रात्री गेलं आणि पुन्हा आलं नाही. एक गोष्ट मात्र ते विसरत नाहीत. सगळं गेलं तरी ती जात नाही, आणि ती जावी म्हणून मी देवाला मागते, इथे मागच्या बाजूला बसून.

रोज दुपारी पान वाढायच्या आधी ते भिंतीला धरून देवघरात येतात. समईमागे हात घालून मला चाचपतात. मग माझ्या काठाशी तोंड आणून हळूच म्हणतात, "पाच, हैमा. तेव्हा सांगितलं नाही. पाच."

आणि थांबतात. कान देऊन उभे राहतात. समोरून कोणीतरी एक शब्द बोलेल म्हणून.

तुमच्यापैकी कोणी त्या गावी गेलं, कालव्याकाठची ती गल्ली सापडली, तर माझं एक काम करा. कल्याणीची परवानगी घ्या आणि त्या वेळेपुरती माझी चिंधी सोडा. मला जास्त काही म्हणायचं नाही. तो म्हातारा आकडा सांगून थांबेल, तेव्हा मला फक्त एकदा वाजायचंय.